‘भागीरथी’ पाण्यात गेली

मंडळाची माणसं आमच्या अंगणात पहिल्यांदा आली तेव्हा आई पायरीवर बसून कालवं फोडत होती. तिने मान वर केली नाही. शर्ट खोचलेली, पायात बूट घातलेली माणसं आली की ती मतं मागायला नाहीतर कसली तरी नावनोंदणी करायला आलेली असतात, असा तिचा अनुभव. “घरात कोण पुरुषमाणूस नाय,” ती सवयीने म्हणाली. बाबा आतल्या खाटेवर बसलेले सगळ्यांना दिसत होते. आलेल्यांपैकी एक जण आमच्या कॉलेजचे भूगोलाचे सर होते. मी ओढणी सावरत पुढे गेले. सर म्हणाले, “अगं, हे तुझं घर? आम्ही तर होडी बघायला आलोय.” त्यांच्याबरोबरचे उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ तोवर घराच्या बाजूला पोहोचलेही होते. तिथे माडाच्या झापांखाली आमची ‘भागीरथी’ एका कुशीवर पडलेली होती. त्यांनी झाप उचललं, तिच्या फळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आई मला हळूच म्हणाली, “डॉक्टर काय गो? नाडी बघतो तिची.”

ते खरोखरच डॉक्टर होते, दातांचे. रत्नागिरीत त्यांचा दवाखाना होता. जुन्या होड्यांची हौस असलेल्या लोकांचं एक मंडळ त्यांनी जमवलं होतं. त्याचं नाव लांबलचक होतं, पण आमच्याकडे सगळे नुसतं ‘मंडळ’ म्हणायचे. भाट्याच्या खाडीकाठी त्यांनी पत्र्याची एक मोठी शेड घेतली होती. तिच्यात बंदरावरची जुनी वल्ह्यांची बोट होती, मंडणगडकडून ट्रकवर घालून आणलेली एकाच खोडात कोरलेली होडी होती, आणि एक नुसताच सांगाडा होता, ज्याच्याबद्दल दर रविवारी वाद व्हायचा की तो मूळ कशाचा. दर रविवारी तिथे चहा, कांदाभजी आणि या गप्पा. शिडाची चांगली होडी मात्र त्यांच्याकडे नव्हती. आमची ‘भागीरथी’ शिडाची. आजोबांनी बांधून घेतलेली. तिच्यासाठी आईनाची झाडं त्यांनी स्वतः रानात हिंडून निवडली होती, असं बाबा सांगायचे. म्हणजे पूर्वी सांगायचे.

बाबांबद्दल लिहायचं तर मला थांबत थांबतच लिहावं लागेल. ते दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे ठरवणारा तो तांडेल. एकदा जाळं ओढताना यंत्राच्या दोरात उजवा हात सापडला आणि दोन बोटं गेली. जखम भरली, पण पकड परत आली नाही. ज्याला दोर धरता येत नाही त्याला खलाशी ऐकत नाहीत, असं ते म्हणाले आणि घरी बसले. त्यांना कुणी काढलं नव्हतं, ते स्वतःच उतरले. त्यानंतर आमच्या घरात एक वेगळी शांतता आली. पहाटे ट्रॉलर निघायचे तेव्हा त्यांच्या इंजिनांचे आवाज खाडीवरून यायचे आणि बाबा खाटेवर उठून बसायचे. कोणता आवाज कुणाचा, हे त्यांना कळायचं, पण ते बोलायचे नाहीत. आई चुलीवर पेज ठेवायची, सुकट भाजायची, भांड्यांचा उगीच जास्त आवाज करायची. मी बसच्या वेळेसाठी वेणी घालत असायचे. कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिली. ते घरातलं सगळ्यात मोठं सुख असायला हवं होतं. पण मी निघाले की बाबांच्या नजरेत एवढंच दिसायचं, की आता दिवसभर घरात आपण एकटेच.

डॉक्टरांनी होडी मागितली तेव्हा बाबा पहिल्यांदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी ओट्यावर सतरंजी घालायला सांगितली. मला आठवतं, डॉक्टर आमच्याकडे कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी जेवले आणि खरंच भूक असल्यासारखे जेवले. शेवटी बाबा म्हणाले, “देतो. पण ती पाण्यात जायला हवी. शेडमध्ये ठेवून हळदीकुंकू लावायला नाय.”

“पाण्यात जाईल. आणि सुकाणूवर तुम्ही बसायचं,” डॉक्टर म्हणाले. “दर रविवारी खाडीत फेरी. मंडळाचे तांडेल तुम्ही. शीड ओढायला आमची पोरं आहेत, तुम्हाला दोराला हात लावावा लागणार नाही.”

बाबा उठून आत गेले. आईने मला खूण केली म्हणून मी मागे गेले, तर ते भिंतीवरच्या आरशापुढे उभे राहून दाढीवरून हात फिरवत होते. त्यांना पुन्हा तांडेल व्हायचं होतं. एवढीच गोष्ट होती. होडी हा तिकडे जायचा रस्ता होता.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात माणसांची वर्दळ असल्यासारखे गेले, जरी घरात माणसं तेवढीच होती. बाबा सकाळी डबा घेऊन शेडवर जायचे. होड्या बांधणारे हुसेनचाचा त्यांच्या जोडीला होते. दोघे लहानपणापासूनचे, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय काम सुरू न करणारे. कॉलेज सुटलं की मी शेडवर जाऊन अभ्यासाला बसायचे. लाकडाच्या भुशाचा, राळेचा आणि उंडीच्या तेलाचा वास माझ्या त्या वर्षाच्या सगळ्या पुस्तकांना लागलेला होता.

“दोन बोटं गेली तेव्हापासून तुझं काम हलकं झालां, तांडेल,” हुसेनचाचा म्हणायचे. “आता हातोडा कमी, बाता जास्ती.”

“तुझी जीभ अख्खी हाय ना? तीच भर फटीत. होडी कधी गळणार नाय.”

“माझी जीभ भरलीस तर होडी बोलायला लागेल. मग तुझी सगळी लफडी बाहेर.”

घरी येऊन बाबा हे आईला सांगायचे. आई म्हणायची, “जित्या माणसाला कोण रंग लावत नाय, होड्यांना लावतात.” पण बांगड्याचं तिखलं त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायची, आणि ते नको म्हणायचे नाहीत.

रविवारच्या बैठकीला मी बाकाच्या टोकाला बसायचे. सर कधी कधी विचारायचे, “मयुरी, तुमच्याकडे याला काय म्हणतात?” मला शब्द माहीत असायचा, पण तो घरचा शब्द इथे म्हणावा की पुस्तकातला शोधावा, या विचारात वेळ जायचा आणि दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायचं. ती माणसं वाईट नव्हती. हे मला नीट सांगायला हवं. त्यांना होड्या मनापासून आवडत होत्या. फक्त होडी बुडाली तर त्यांचा रविवार बुडणार होता, आणि आमचा सगळा आठवडा.

‘भागीरथी’ फाल्गुनातच तयार होत आली होती, पण तिला पाण्यात सोडायचा मोठा कार्यक्रम करायचा ठरलं. पाहुण्यांची तारीख मिळेना. ती पुढे पुढे जात मे महिन्यात गेली. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काय असतो, हे तिथे बसून अभ्यास केल्याशिवाय कळायचं नाही. लाकूड वाळत गेलं. फळ्यांमधल्या फटी वाढल्या. आधी नख जायचं, मग बोटाचं पेर. होडी बरेच दिवस कोरडी राहिली की असं होतंच, आणि त्यावरचा उपायही सगळ्या खाडीला माहीत असतो. होडी उथळ पाण्यात नेऊन भिजत घालायची. ती पाण्याने भरू द्यायची, दोन-तीन भरत्या तशीच ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपल्या फटी आपणच मिटवतं. मग राहिलेल्या जागी कापूस भरायचा, तोही हलक्या हाताने. एवढं करूनही पहिल्या दिवशी प्रत्येक होडी थोडं पाणी घेतेच. एक माणूस डबा घेऊन उपसत बसतो. त्यात लाज कसली नसते. हुसेनचाचा हे म्हणाले, डॉक्टरही म्हणाले. आणि बाबांना तर ते सांगायचीच गरज नव्हती.

पण कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी एक गोष्ट झाली होती. मंडळातले एक हॉटेलवाले गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, “पाहुण्यांना लाइफ जॅकेटं द्या हो. होडी म्हातारी, त्यात तांडेल दीड हाताचा.” सगळे हसले. बाबाही हसले. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पाच मिनिटांनी तो स्वतःच बाबांना भजी आणून देत होता. मी बाबांच्या शेजारी होते. त्यांनी उजवा हात बाकाखाली घेतला आणि बैठक संपेपर्यंत वर काढला नाही.

त्या आठवड्यात हुसेनचाचा भाचीच्या लग्नाला जयगडला गेले. जाताना बजावून गेले, “भिजत घाल तिला, मी आल्यावर भरू.” बाबा हो म्हणाले. मग दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकट्यानेच कापूस भरायला घेतला, कोरड्या फळ्यांत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “भिजवली की चिखल धरेल, नवा रंग जाईल. आणि मग पाणी घेईलच थोडां. लोकांसमोर मी डबा घेऊन उपसत बसू? माझ्या होडीत थेंब येणार नाय.” डॉक्टर थोडे घुटमळले. मग म्हणाले, “तुम्ही तांडेल. तुम्ही ठरवा.” तेव्हा ते मोठ्या मानाचं बोलणं वाटलं होतं.

लाकडी मोगरी त्यांनी उजव्या हाताला फडक्याने बांधून घेतली होती. डाव्या हातात बोथट छिन्नी. कापसाची वळलेली दोरी फटीवर धरायची आणि ठोकत आत बसवायची. मी परीक्षेचं वाचत होते. ठोक ठोक हा आवाज आधी जड यायचा, मग फट भरत आली की चढत जायचा आणि शेवटी टणटणीत लागायचा. हुसेनचाचा त्या आवाजाशी थांबत. बाबा त्याच्या पुढेही ठोकत राहिले. घामाने त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता. चहा दिला तरी ते थांबेनात. वर राळ ओतली, पुन्हा रंग दिला, आणि ‘भागीरथी’ एखाद्या घडवलेल्या भांड्यासारखी बंद झाली.

कार्यक्रम फार छान झाला. हे लिहिताना हात अडखळतो, पण झाला. ढोलताशे होते, नारळ फोडला, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं. पंधरा-वीस माणसांनी तिला ढकलत पाण्यात नेलं आणि ती अशी हलकेच उचलली गेली की काठावरच्या म्हाताऱ्यांनी ओरडून दाद दिली. पाहुणे चढले. बाबांनी त्यांना खाली वाकायला लावलं. “हात फिरवा साहेब, तळाला. बघा, सुका हाय.” पाहुण्यांनी हात फिरवला, कोरडा हात वर करून दाखवला, फोटो निघाले. शीड भरलं. आई हिरवं लुगडं नेसून नाळेजवळ बसली होती, आणि लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या होडीत बसली होती. सुकाणूवर बाबा. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन होडी परतली, थेंबही आत आला नाही. हॉटेलवाले गृहस्थ उतरताना बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबांनी त्यांना मध्येच धरलं, दोन्ही हातांनी.

पावसाळ्यासाठी वर ओढेपर्यंत ‘भागीरथी’ आमच्या घरासमोर नांगरून ठेवायचं ठरलं. बाबा दिवसभर ओट्यावर बसून तिच्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. बाहेर कुठेतरी टक् असा आवाज झाला, कोरडा, छोटा. बाबांचा घास हातातच राहिला.

आई म्हणाली, “फणस पडला काय गो मागे?”

“नाय,” बाबा म्हणाले. परत आवाज आला. हात न धुताच ते उठले.

मी त्यांच्यापाठोपाठ काठावर गेले तेव्हा ते छातीभर पाण्यात होते आणि होडीच्या कुशीवर दोन्ही तळवे ठेवून उभे होते. मी काठावरून विचारलं, “बाबा, काय झालं?”

“फुगली,” ते म्हणाले. “जागा नाय तिला. मी ठेवलीच नाय.”

तेव्हा मला कळलं, आणि आता कुणालाही दोन वाक्यांत सांगता येतं. लाकूड पाणी प्यायलं. एकेक फळी फुगली, पण फटी ठासून भरलेल्या, त्यामुळे सरकायला वाव उरला नाही. मग फळ्यांनी एकमेकींना रेटलं आणि त्या सांगाड्यापासून सुटू लागल्या. तो आवाज खिळे उपटण्याचा होता. बाबांनी कमरेची सुरी काढली आणि पाण्याखाली चाचपत फटींतला कापूस उकरायला लागले. राळ दगडासारखी झाली होती. सुरी सारखी निसटायची, ते बुडी मारून शोधायचे, पुन्हा उकरायचे. लग्नघरी अडकून त्याच दिवशी जयगडहून परतलेले हुसेनचाचा कुणीतरी सांगितलं म्हणून धावत आले. काठावर येऊन त्यांनी तो आवाज ऐकला, आणि तिथेच दगडावर बसले. मग चपला काढून पाण्यात उतरले आणि बाबांना खांद्याला धरून म्हणाले, “सोड. सोड तिला आता.” त्या दिवशी दोघांनी एकमेकांना एकही शिवी दिली नाही. संध्याकाळपर्यंत आवाज येत राहिले. आईने दारं लावून घेतली, तरी यायचे.

सकाळी तळाची फळी पठाणापासून, म्हणजे खालच्या मुख्य लाकडापासून, पूर्ण सुटली होती. ओहोटीला होडी चिखलात एका बाजूला कलली. मंडळाची माणसं दोर घेऊन आली, ओढायला गेली तर अजून मोडली. शेवटी ती तिथेच ठेवली. माझा त्या दिवशी पेपर होता. मी जाऊन लिहिला. काय लिहिलं ते मला आठवत नाही, पास मात्र झाले.

आता मी पालीला शाळेत शिकवते. तिथे खारा वारा येत नाही, समुद्राचं कुणी बोलत नाही. मुलं कधी विचारतात, बाई तुमचं गाव कुठलं, आणि मी रत्नागिरी एवढंच सांगते. मंडळ अजून आहे. त्यांनी पुढे जयगडकडची एक होडी आणली, ती चांगली चालते असं ऐकते. मी कधी बघायला गेले नाही. बाबा त्यानंतर खाटेवर नव्हे, मागच्या पडवीत बसायला लागले. तिथून फणस दिसतो आणि शेजाऱ्यांची भिंत. अजूनही तिथेच बसतात. मी सुट्टीत जाते तेव्हा त्यांच्याशेजारी बसते. आम्ही बोलतो ते माझ्या शाळेबद्दल. त्यांना बरं वाटेल असं काही मला अजून सापडलेलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही.

पण त्या वेळचं एक सांगायचं राहिलं. होडी गेल्यानंतरच्या रविवारी मी एकटी बैठकीला गेले होते. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, “लाकूड फार जुनं होतं. त्याने दम सोडला. यात कुणाचा दोष नाही.” सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते मला चांगुलपणाचं वाटलं. घरी येऊन मी ते जसंच्या तसं बाबांना सांगितलं. वाटलं, त्यांना सुटल्यासारखं होईल.

“जुनां होतां म्हणाले?” त्यांनी विचारलं.

“हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरा शर्ट घातला. “चल, डॉक्टरकडे जायचां हाय.” आईला वाटलं दात दुखतोय, ती लवंग शोधायला लागली. आम्ही बसने रत्नागिरीत गेलो. दवाखान्यात बाबांनी नंबर लावला आणि गालाला हात लावून बसलेल्या माणसांच्या रांगेत बसून राहिले. आत गेलो तेव्हा डॉक्टर हातमोजे काढत घाईघाईने उठले. “अहो तांडेल, नंबर कसला लावता? थेट आत यायचं. बसा.” बसायला ती मोठी आडवी खुर्चीच होती. बाबा उभेच राहिले.

“लाकूड चांगलां होतां,” ते म्हणाले. “माझ्या बापाशीने निवडलेलां. अजून दोन पिढ्या चाललां असतां. ते मी मारलां. भिजवायला हवी होती, भिजवली नाय.”

डॉक्टर खाली बघत म्हणाले, “मला ठाऊक आहे, तांडेल.”

“मग तसां का सांगितलात?”

“तुमच्यासाठी.”

“माझां मी बघीन. मला तोंड हाय. तिच्या बाजूने कोण बोलणार?” बाबांचा आवाज चढला नव्हता. “रविवारी सगळ्यांना सांगा. माझां नाव घेऊन सांगा.”

डॉक्टर म्हणाले, सांगेन. मग पुढे आले आणि म्हणाले, आपण दुसरी बांधू, हुसेन आहे, तुम्ही आहात, पाऊस सरला की सुरू करू. बाबा ऐकत होते. मग त्यांनी नमस्कार केला, उजवा हात वर ठेवून, उरलेल्या बोटांसकट, आणि आम्ही बाहेर आलो.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. भाट्याच्या पुलावरून आमच्या घरासमोरचा काठ दिसतो. बस पुलावर चढली तशी माणसं त्या बाजूला वाकून बघायला लागली, कारण ती गोष्ट तोवर सगळीकडे झाली होती. चिखलात तिच्या उघड्या फासळ्या उभ्या होत्या, त्यांवर बगळे बसले होते. बाबा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होते.

“दिसते काय गो?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “भरती आहे.”

जन्मभर ज्यांनी घड्याळाकडे न बघता खाडीचं पाणी सांगितलं, त्या माझ्या बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “होय. भरतीच असणार आता.”